अगनोन यांचे जळलेले घर आणि आपले ‘नशिबात होते’



पन्नास शेकेलच्या जुन्या नोटेवर किपा घातलेले एक वृद्ध गृहस्थ होते, ते आठवतात ना? १९८५ पासून जवळजवळ तीस वर्षे ते आपल्या पाकिटात, पदराच्या गाठीत, शूकमधल्या भाजीवाल्याच्या हातात फिरत होते. २०१४ मध्ये नवी नोट आली आणि त्यांच्या जागी कवी चेर्निखोव्स्की आले. ते वृद्ध गृहस्थ म्हणजे श्मुएल योसेफ अगनोन, हिब्रू भाषेला मिळालेल्या पहिल्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्यांची नोट आपण खूप वापरली, पण त्यांची पुस्तके आपल्यापैकी थोड्यांनीच उघडली. त्यांची हिब्रू उलपानात शिकलेल्या हिब्रूसारखी सोपी नाही. मला स्वतःला एका पानाला अर्धा तास लागतो आणि मध्येच नातवाला हाक मारावी लागते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोआदोनमध्ये अगनोन यांचे स्टॉकहोमचे भाषण आम्ही थोडे थोडे करून वाचले. वाचून झाल्यावर दोन ज्येष्ठांत चांगलाच वाद पेटला. एक म्हणाले, “बघा, सगळे आधीच लिहिलेले असते. त्यांचे घर जळायचेच होते, म्हणून ते इथे आले.” दुसरे म्हणाले, “लिहिलेले कसले? तिकीट कोणी काढले? त्यांनीच ना?” चहा थंड झाला तरी दोघे हटेनात. त्या दिवशी मी गप्प बसले. कारण या प्रश्नाचे एक जुने ओझे माझ्या मनावर आहे. ते पुढे सांगते. आधी भाषणाकडे वळू.

बाड हॉम्बुर्गची रात्र

बाड हॉम्बुर्ग हे जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ, टाऊनुस डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले गाव. तिथे औषधी पाण्याचे झरे आहेत, म्हणून श्रीमंत लोक तिथे हवापालटाला जात. पहिल्या महायुद्धानंतर तिथे एक वेगळीच मंडळी जमली. रशियात हिब्रू छापणे अशक्य होत चालले होते. जर्मनीत चलनाची किंमत इतकी घसरली होती, की ज्याच्याकडे बाहेरचा पैसा असेल त्याला तिथे राहणे आणि पुस्तके छापणे स्वस्त पडे. त्यामुळे हिब्रू लेखकांचे आणि प्रकाशकांचे छोटेसे मंडळ या गावात नांदू लागले. कवी बियालिक काही काळ तिथे होते. शोशाना पेर्सित्झ यांची ‘ओमानुत’ ही प्रकाशनसंस्थाही तिथे होती.

अगनोन १९२१ मध्ये तिथे राहायला आले. त्यांचा जन्म गॅलिशियातल्या बुचाच गावचा. १९०८ मध्ये ते तरुणपणी याफोला आले, चार वर्षांनी जर्मनीला गेले आणि तिथेच राहिले. एस्तेर यांच्याशी लग्न झाले, एक मुलगी आणि एक मुलगा झाला. भोवती मित्र होते, घरात पुस्तकांची कपाटे भरली होती. परत यरुशलाईमला जायचे म्हणत ते राहत होते; पण “पुढच्या वर्षी जाऊ” म्हणणाऱ्या माणसाची वर्षे कशी जातात, हे आपल्याला सांगायला नको.

१९२४ च्या जून महिन्यात एका रात्री त्यांच्या घराला आग लागली. माणसे वाचली. चार हजार हिब्रू पुस्तके गेली आणि हाताने लिहिलेले सगळे कागद गेले. ‘बित्सरोर हहायिम’ नावाची मोठी कादंबरी त्यात होती. तिची घोषणाही झालेली होती. ती पुन्हा कधीच बाहेर आली नाही. त्याच वर्षी अगनोन यरुशलाईमला परतले.

डिसेंबर १९६६ मध्ये स्टॉकहोमला, राजासमोर, त्यांनी ही हकीकत हिब्रूतून सांगितली. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा: तीतुसने यरुशलाईमचा नाश केला म्हणून माझा जन्म परदेशात झाला, पण मी स्वतःला नेहमी यरुशलाईममध्येच जन्मलेला मानले, आणि माझे सर्व काही जळून गेल्यावर परत जाण्याची बुद्धी देवाने मला दिली.

शेवटचा भाग पुन्हा वाचा. देवाने बुद्धी दिली, असे ते म्हणतात. देवाने मला उचलून नेले, असे म्हणत नाहीत. आणि मी माझ्या हिमतीवर परतलो, असेही म्हणत नाहीत. बुद्धी वरून आली, पाय त्यांचे. मोआदोनमधल्या दोन्ही ज्येष्ठांना हे एकच वाक्य आपापल्या बाजूचे वाटले, यात नवल नाही.

दोनदा गेलेले घर

पण समीक्षकाने भाषणावर थांबू नये, आयुष्यही पाहावे. यरुशलाईमला परतल्यावर अगनोन पुढे तालपियोत भागात राहायला गेले. १९२९ च्या दंगलीत ते घरही लुटले गेले आणि पुस्तकांची, कागदांची पुन्हा नासधूस झाली. म्हणजे पाच वर्षांत दुसऱ्यांदा तेच.

आता ‘लिहिलेले असते’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. पहिल्या आगीचा अर्थ जर ‘इथून निघ’ असा होता, तर दुसऱ्या नाशाचा अर्थही तोच का नव्हता? अगनोन यांनी तो तसा घेतला नाही. ते गेले नाहीत. १९३१ मध्ये त्याच तालपियोतमध्ये त्यांनी घर बांधले आणि पुढे तेच त्यांचे घर राहिले. आज तिथे त्यांचे स्मारक आहे. एकाच प्रकारच्या दोन आपत्ती आल्या. एकीनंतर माणूस उठून गेला, दुसरीनंतर पाय रोवून बसला. काय करायचे हे आग सांगत नव्हती. ते त्या माणसाने ठरवले.

यावर पहिले ज्येष्ठ गप्प बसणार नाहीत. ते म्हणतील, “पण असेच का ठरवले? लहानपणी बापाने गमारा शिकवली, घरात यरुशलाईमचे नाव रोज निघत होते, स्वभाव हट्टी होता. या सगळ्याची बेरीज म्हणजेच तो निर्णय. बेरीज आधीच ठरलेली असते.”

हे म्हणणे खोडून काढता येत नाही, आणि खोडायची गरजही नाही. निर्णय त्यांच्या घडणीतून आला, म्हणूनच तो त्यांचा. कसलेही कारण नसलेल्या निर्णयाला आपण मोकळीक म्हणू का? त्याचा नमुना याच बाड हॉम्बुर्गमध्ये पाहायला मिळतो. फ्रांस्वा आणि लुई ब्लांक या भावांनी १८४१ मध्ये तिथे मोठा जुगारखाना काढला. त्यातल्या फ्रांस्वा यांनीच पुढे माँटे कार्लोचा जुगारखाना नावारूपाला आणला. रशियन कादंबरीकार दस्तयेव्स्की १८६७ मध्ये नव्या नवरीला ड्रेस्डेनला ठेवून हॉम्बुर्गला गेले. शांत डोक्याने, हिशेबाने खेळले तर जिंकता येते, असे ते पत्रांतून बायकोला कळवत राहिले आणि हरत राहिले. फिरत्या चाकावरची गोळी कुणाच्या हिशेबाला, कुणाच्या पुण्याला बांधलेली नसते. पण तिला ‘स्वतंत्र’ कोण म्हणेल? माणसाचा निर्णय त्या गोळीसारखा असता, तर त्याचे श्रेयही नसते आणि दोषही नसता. आईने लावलेल्या वळणामुळे एखादा मुलगा खोटे बोलत नसेल, तर त्याचा खरेपणा कमी अस्सल ठरत नाही.

म्हणून माझे मत असे: कारणे आहेत आणि मोकळीकही आहे. दोन्ही एका घरात राहू शकतात. माणूस अडतो तो दुसऱ्याच ठिकाणी. ‘लिहिलेले होते’ हे शब्द कोणी, कुणाबद्दल आणि केव्हा उच्चारायचे, तिथे तो चुकतो. अगनोन यांच्या भाषणापेक्षा त्यांच्या कथा मला मोठ्या वाटतात, त्या याच ठिकाणी.

ज्यांचे घर जळले नाही

भाषणात एक गाळलेली जागा आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली, तेव्हा बाड हॉम्बुर्गचे सिनेगॉगही जळले. तोपर्यंत अगनोन यरुशलाईममध्ये होते. आता कुणी म्हणेल, १९२४ च्या आगीनेच त्यांना वाचवले. बरे. मग त्या गावातल्या ज्या यहुदी कुटुंबांचे घर १९२४ मध्ये जळले नाही, त्यांचे काय? त्यांना बुद्धी दिली गेली नाही, असे म्हणायचे का? आणि बुचाच? अगनोन यांच्या त्या गावातले यहुदी दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. तेही लिहिलेले होते?

भाषणात या प्रश्नाला हात घातलेला नाही. समारंभाचे भाषण ते, त्याला मर्यादा असतात. पण अगनोन यांच्या ‘हसिमान’ या कथेत हा प्रश्न समोर उभा राहतो. शावुओतच्या आदल्या दिवशी निवेदकाला आपल्या गावचे लोक संपल्याचे कळते. सण आहे म्हणून तो मोठ्याने शोक करत नाही. रात्री सिनेगॉगमध्ये एकटा बसतो आणि तिथे त्याला प्राचीन कवी श्लोमो इब्न गबिरोल दिसतो. कवी त्या गावाच्या नावाच्या अक्षरांवरून शोककाव्य रचतो, म्हणजे ते नाव राहावे. सगळी कथा वाचून पाहा: स्वतःच्या आगीत देवाची योजना पाहणारा लेखक आपल्या गावकऱ्यांच्या मरणात योजना शोधत नाही. ते का गेले, याचा हिशेब तो मांडत नाही. तो फक्त नाव जपतो.

‘तमोल शिलशोम’ ही १९४५ ची कादंबरी याहून कठोर आहे. यित्झाक कुमेर हा गॅलिशियातला साधा तरुण शेतकरी होण्याच्या स्वप्नाने इथे येतो आणि रंगारी होतो. यरुशलाईममध्ये एक दिवस काम करता करता त्याच्यासमोर एक भटके कुत्रे येते. हातात रंगाचा ब्रश असतो. सहज, गमतीने तो कुत्र्याच्या पाठीवर ‘केलेव’ म्हणजे कुत्रा असे लिहितो, आणि मग पुढे ‘मेशुगा’ म्हणजे वेडे असे जोडतो. झाले! वाचता येणारे सगळे लोक त्या कुत्र्याला पाहून पळतात, दगड मारतात. त्या बिचाऱ्याला, त्याचे नाव बालाक, आपल्या पाठीवर काय आहे हेच ठाऊक नाही. हाकलून हाकलून शेवटी ते खरेच पिसाळते आणि यित्झाकलाच चावते. नुकते लग्न झालेला यित्झाक तडफडून मरतो.

इथे ठरलेपण आणि मोकळीक यांची गाठ अगनोन यांनी जशी मारली आहे, तशी मी दुसरीकडे वाचलेली नाही. यित्झाकचा हात मोकळा होता. तो ब्रश खाली ठेवू शकला असता. पण एकदा अक्षरे उमटली, की पुढचे सगळे जणू उतारावरून गडगडत येते. आणि शेवटी निवेदक स्वतःच विचारतो, की इतरांपेक्षा काहीही वाईट नसलेल्या या माणसाला एवढी शिक्षा का? उत्तर देत नाही. त्याच्या मागून बहुप्रतीक्षित पाऊस येतो, शेते हिरवी होतात. पण यित्झाकच्या मरणामुळे पाऊस आला, असा सोयीचा अर्थ लेखक काढू देत नाही. पुष्कळ वाचक इथे चिडतात. मीही चिडले होते. आता वाटते, उत्तर न देणे हाच इथे प्रामाणिकपणा आहे.

कुत्र्याच्या पाठीवरच्या अक्षरांबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांनी ध्यानात घ्यावी. पाठीवर दुसऱ्याने लिहिलेले आपणही पाहिले आहे. १९६२ मध्ये बेने इस्राएलांच्या लग्नासाठी पूर्वजांची चौकशी करण्याचा नियम निघाला. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे बायकामुलांसह यरुशलाईममध्ये ठाण मांडून बसली. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला आणि पुढे नियमातून आपले नाव निघाले. बालाकला वाचता येत नव्हते. आपल्या वडीलधाऱ्यांना पाठीवरचे वाचता आले आणि त्यांनी ते मान्य केले नाही. ‘नशीब’ म्हणून ते घरी बसले असते, तर आज आपल्या नातवंडांची लग्ने कशी लागली असती?

रब्बींचा वाद आणि माझी चूक

हा प्रश्न आपल्या धर्मात जुनाच आहे. पिरके आवोतमध्ये रब्बी अकीवा यांनी दोन्ही बाजू एकाच वाक्यात शेजारी ठेवल्या आहेत: देवाला पुढचे दिसते आणि माणसाला मोकळीकही आहे. सांधा कसा जुळतो, ते सांगितलेले नाही. रंबाम यांनी तेशुवाच्या नियमांत हा प्रश्न उघड विचारला. देवाला आधीच माहीत असेल, तर माणूस वेगळे वागेल कसा? मग म्हणाले, देवाचे जाणणे आपल्या जाणण्यासारखे नाही, ते आपल्या आवाक्याबाहेर आहे. पण माणसाचे कृत्य माणसाच्या हाती आहे, यात शंका घेऊ नका. यावर रब्बी अवराहाम बेन दावीद यांनी त्यांना फटकारले: उत्तर पुरे करता येत नव्हते, तर प्रश्न उकरला कशाला? साध्या माणसांच्या मनात शंका कशाला पेरली?

वर्षानुवर्षे मी रंबाम यांच्या बाजूची होते. प्रश्न विचारावाच, असे मला वाटे. पण आता ते ओझे सांगते.

आमच्या इमारतीत एक बाई राहत. आपल्यातल्याच, कोकणातल्या. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. शिवाच्या तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. काय बोलावे सुचेना, म्हणून तोंडात आलेले बोलले, “तेवढेच लिहिलेले होते हो त्याचे.” आपली आई-आजी म्हणत, तेच. त्या काही बोलल्या नाहीत. खोलीतल्या बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. महिन्याभराने जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “त्या दिवशी त्याने मला विचारले होते, गाडी नेऊ का? मी नेऊ दिली. तुम्ही म्हणता लिहिलेले होते. मग मी ‘नको’ म्हटले असते, तर काय पुसले गेले असते?” मी उभीच राहिले. जराशाने त्याच म्हणाल्या, “मी मनाला म्हणते कधीकधी, लिहिलेले होते म्हणून. त्याशिवाय झोप येत नाही. पण दुसऱ्याने म्हटले, की वाटते, त्याची किंमत तेवढीच केली.”

त्या आता नाहीत. त्यांची मी माफी मागितली होती, ती त्यांनी दिली. पण अगनोन यांचे भाषण आणि ‘हसिमान’ शेजारी ठेवून वाचताना मला त्या जिन्यातल्या बाईच आठवल्या. जे अगनोन यांना लेखक म्हणून कळले होते, ते त्यांना आई म्हणून कळले होते. स्वतःच्या दुःखाला ‘होणार होते’ म्हणून बांध घालावा. तो हक्क ज्याचे दुःख त्याचा. दुसऱ्याच्या दुःखाला तो बांध आपण घालू नये. आणि जे अजून घडायचे आहे, त्याच्याबद्दल हे शब्द कोणीच वापरू नयेत. औषध घ्यायचे की नाही, भावाशी अबोला सोडायचा की नाही, हे लिहिलेले नाही. ‘असेल माझा हरी’ ही म्हण आपल्या शेजाऱ्यांनी आळशाला चिडवायलाच केली आहे.

आपल्या पूर्वजांना हे पुस्तकावाचून ठाऊक असावे. रोश हशानाला ते नव्याचा सण म्हणत आणि योम किप्पूरला दरफाळणीचा सण, म्हणजे दारे बंद करण्याचा. लिहिणे एका सणाला, दार लागणे दुसऱ्याला. मधल्या दिवसांत दार उघडे असते. तेशुवा ती याच दिवसांत. अगनोन यांनी या दिवसांवरच्या जुन्या वचनांचा ‘यामिम नोराईम’ हा मोठा संग्रह केला आहे. ज्यांना कादंबरी जड जाईल, त्यांनी हा संग्रह तिश्रीत जवळ ठेवावा, रोज दोन पाने वाचावीत.

आणि आपली पहिली गोष्ट आठवा. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. देवाने वाचवले म्हणतो, मलिदा करतो, एलियाहू हन्नावीचे नाव घेतो. पण जे बुडाले त्यांचे काय लिहिलेले होते, हे त्या गोष्टीत कोणीही सांगत नाही. किनाऱ्याला लागलेली प्रेते वाचलेल्यांनी पुरली, एवढेच आपण सांगतो. पुरुषांचा ढिगारा वेगळा, बायकांचा वेगळा. मग ते गावात शिरले आणि तेलाचा घाणा चालवू लागले.

मोआदोनमधल्या त्या दोघा ज्येष्ठांना मी हा लेख आधी वाचून दाखवला. पहिले म्हणाले, “म्हणजे माझेच बरोबर.” दुसरे म्हणाले, “माझेच.” पुढच्या मंगळवारी ‘तमोल शिलशोम’चे पहिले प्रकरण वाचायला घेणार आहोत. मोठ्या अक्षरांच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. ज्यांना जमेल त्यांनी यावे.